पुढच्या चाकांचं कुलूप

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात एक वाद सुरू आहे. बागेच्या जीपला पुढच्या डिफरन्शियलमध्ये लॉकर बसवायचा की नाही, आणि बसवायचा तर कोणता. हौस म्हणून गाड्या चिखलात घालणाऱ्यांच्या घरात हा वाद चालला असता तर तो मजेचा झाला असता. आमच्याकडे तो जेवताना निघतो आणि अम्मी भात वाढता वाढता म्हणते, "तो विषय बंद करा." कारण त्या जीपचा विषय निघाला की १५ मे २०२१चा विषय निघतो.

आमची बाग पूर्णगडच्या बाजूला, मुचकुंदीच्या खाडीकडे उतरणाऱ्या उतारावर. वर सडा, सड्यावरून डांबरी रस्ता, आणि बाग खाली. म्हणजे इतरांचं उलट. लोकांची गाडी रिकामी चढते आणि भरून उतरते. आमची रिकामी उतरते आणि आंबा भरून चढते. वाट आमची आम्हीच काढलेली, जांभा फोडून. बाकी चढ सोपा आहे, पण वरच्या टोकाला एक फणस आहे, तिथे कातळाची एक तिरपी पायरी, आणि पायरी संपल्यावर दहा फुटांवर उजवीकडे वळण. वळणाच्या डाव्या अंगाला गडगा, गडग्यापलीकडे सरळ खाली.

जीप अब्बांनी १९८९ साली घेतली. लष्कराच्या लिलावातून निघालेली, मधे दोघांच्या हातून फिरलेली सीजे थ्री-बी. पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलेलं. पाटे बदललेले, सीट बदललेल्या, पुढची चाकं मोकळी करायचे हब अब्बांनी मागाहून बसवले. खरं सांगायचं तर चासी आणि नंबरप्लेट सोडून तिच्यात मूळचं काय उरलंय हे आता कोणालाच सांगता येणार नाही. अब्बांचा मात्र तिच्यावर जीव. ते गमतीने म्हणायचे की ही कंपनी निम्मी आपली होती. आम्हाला ती थाप वाटायची. पण ते खरंच आहे. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून कंपनी काढली ती 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. विलिसच्या पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांत १९४७ साली आल्या होत्या. माझगावच्या जागेत पहिली जीप १९४९ मध्ये जोडली गेली. म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंत मोहम्मद नावातून गेले होते. अब्बांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "नावातून गेला. दुसरा एम तर राहिला ना?"

खैर. त्या दिवसाकडे येतो.

२०२१ सालची ईद १४ मेला होती, शुक्रवारी. लॉकडाऊन होतं, नमाज घरातच झाली, कोणाकडे जाणं नाही, कोणी येणं नाही. आणि दुपारपासून बातम्या, समुद्रात तौक्ते नावाचं वादळ होतंय, किनाऱ्याने वर सरकणार. झाडावर शेवटचा आंबा होता. मुंबईची बाजारपेठ अर्धी बंद, पण झाडावरून पडलेल्या आंब्याला अर्धा भावही येत नाही. तेव्हा शनिवारी पहाटेच मी आणि धाकटा भाऊ बागेत गेलो. दुपारपर्यंत जेवढा उतरवता आला तेवढा उतरवला. तिसरी खेप सोळा क्रेटची होती. सकाळी एक सर येऊन गेली होती. वाट ओली, पाचोळा ओला, आणि वारा असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं.

गाडी मी चालवत होतो. फोर व्हील टाकलेलं, लो गिअर. फणसाजवळच्या पायरीवर डावं पुढचं चाक वर गेलं आणि मागचं उजवं खळग्यावर लटकलं. एक पूर्ण हवेत, दुसरं ओल्या पाचोळ्याला नुसतं टेकलेलं. ती दोन चाकं गरगर फिरायला लागली आणि जमिनीवरची दोन जागची हलेनात. अशा वेळी ज्याने कधी गाडी चालवली आहे त्याने जे केलं असतं तेच मी केलं. इंजिन बंद केलं, गिअर तसाच ठेवला, हँडब्रेक ओढला आणि भावाला ओरडून सांगितलं, "मागे चिरा लाव."

तो डाव्या मागच्या चाकामागे चिरा घेऊन वाकला आणि मी ब्रेकवरचा पाय काढला. गाडी मागे आली. पाच-सहा फूटच आली असेल, मी पुन्हा ब्रेक मारला, पण तोवर त्याचा उजवा घोटा चाक आणि चिऱ्याच्या मधे सापडला होता.

तेव्हा दवाखान्यांची काय अवस्था होती ते सगळ्यांना आठवत असेल, त्यावर लिहीत नाही. घोट्यात दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. रविवारी वादळ रत्नागिरीवरून गेलं, बागेतली सतरा कलमं मोडली, आणि आमच्यापैकी कोणी ती बघायला आठ दिवस गेलं नाही. भाऊ आज चालतो, पण पाय थोडा बाहेर टाकून. झाडावर चढत नाही. बागाईतदाराच्या मुलाला झाडावर चढता न येणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

हँडब्रेक मी ओढला होता. हे मी घरात सांगितलं, अब्बांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण अब्बांचं न बोलणं मला कळतं. नीट ओढला नसेल, असं त्यांना वाटत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे भाऊ त्या रात्री गुंगीत पुन्हा पुन्हा म्हणत होता, "चाक पुढे फिरत होतं आणि गाडी मागे आली." यावरून घरात असा समज झाला की मी इंजिन बंदच केलं नव्हतं, घाईत क्लच-अॅक्सिलरेटरचा काहीतरी घोळ केला. मलाही काही दिवसांनी तसंच वाटायला लागलं. माणसाला सगळे एकच सांगायला लागले की स्वतःच्या हाताची आठवणही खोटी वाटते.

गेल्या वर्षी भावानेच लॉकरचं काढलं. त्याला बाग पुन्हा स्वतः बघायची होती आणि त्या वाटेने गाडी पुन्हा चढवायची होती. पैसे मी द्यायचे, कारण मी पगारदार. पैसे देणाऱ्याने वाचलं पाहिजे, म्हणून मी वाचायला बसलो.

डिफरन्शियल ही गोष्ट मी तोवर फक्त शब्द म्हणून ऐकली होती. आमच्याकडचे मिस्त्री त्याला नुसतं 'डिफ' म्हणतात. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर चालावं लागतं. किती जास्त? मी कागदावर हिशोब केला. दोन चाकांत साधारण १.३ मीटर अंतर धरलं, तर काटकोनातल्या वळणात बाहेरचं चाक दोन मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे वळण लहान असो की मोठं, दोनच मीटर. हा फरक पडू द्यायला मधे स्टार पिनियन ठेवलेले असतात. ही युक्ती पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२०च्या दशकाच्या शेवटी वाफेच्या गाडीसाठी नोंदवली, म्हणजे मोटार जन्मायच्या कितीतरी आधी.

या युक्तीची किंमत अशी की ती दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देते. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण एक चाक हवेत असलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, आणि त्याला जेवढा लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. म्हणजे जवळजवळ शून्य. पुढे एक चाक हवेत आणि मागे तिरपं दुसरं हवेत, की चारी चाकांना इंजिन जोडलेलं असूनही गाडी मेलेली. त्या दिवशी तेच झालं होतं. लॉकर म्हणजे दुसरं काही नाही, हे स्टार पिनियन फिरू न देणारं कुलूप. ते लागलं की दोन्ही चाकं एका दांड्यावर असल्यासारखी एकत्रच फिरतात.

हे वाचताना मला दुसरी गोष्ट दिसली आणि मी रात्री दीड वाजता उठून बसलो. पण ती नंतर.

आधी पुढे की मागे, हा प्रश्न. ज्याला विचारावं तो म्हणतो, आधी मागचा. कारण चढावर वजन मागे जातं, पकड मागे असते. मिस्त्रीही तेच म्हणाले. ते बरोबर आहे, पण आमच्या वाटेवर नाही, असं माझं मत झालं. ती पायरी तिरपी आहे, डावीकडे कललेली. मागची दोन्ही चाकं कुलूपबंद होऊन एकदम घसरली की गाडीची शेपूट खालच्या अंगाला सरकते, आणि आमचं खालचं अंग म्हणजे गडगा. शिवाय भरलेल्या गाडीचं पुढचं तोंड हलकं होतं, पायरीवर आधी पुढचीच चाकं चढायची असतात, आणि तिथे एक जरी ओढायला लागलं तरी काम होतं. तिसरं कारण साधं. हीच जीप बाजारातही जाते. पुढचे हब मोकळे केले की पुढचा लॉकर रस्त्यावर असून नसल्यासारखा. मागच्याला अशी सोय नाही.

पुढच्या लॉकरचे तोटेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पहिला, स्टिअरिंग. पुढची चाकं एकत्र बांधली की ती सरळ जायला बघतात. वळणातले ते दोन मीटर कुठेतरी घासून काढावे लागतात. चिखलात ते निघतात, कोरड्या कातळावर निघत नाहीत. दुसरा, तोडफोड. उघड्या डिफमध्ये एका बाजूच्या शाफ्टवर जास्तीत जास्त निम्मा जोर येतो. कुलूप लावलं की सगळाच्या सगळा एकावर येऊ शकतो. त्यात चाक पूर्ण वळवलेलं असेल तर आतला जॉइंट तिरपा असतो, आणि तिरपा जॉइंट आधी तुटतो. म्हणून पुढचा लॉकर लावून, चाकं वळवून, अॅक्सिलरेटर दाबायचा नाही. हे भावाला मी इतक्यांदा सांगितलं की तो म्हणाला, "दादा, लग्नात निकाह पढवताना तरी एवढ्यांदा विचारत नाहीत."

मग प्रकार. सगळ्यात स्वस्त म्हणजे आपोआप लागणारा. जोर दिला की तो लागतो, वळणात बाहेरचं चाक पुढे पळालं तर तेवढं सोडतो, कडकड आवाज करतो. त्याला वायर नाही, नळी नाही, बटण नाही. आमच्या वातावरणात, खारट हवा आणि चार महिने पाऊस, जेवढं कमी तेवढं बरं. मला तो फार आवडला होता. पण कधी लागायचं ते तो ठरवतो, आपण नाही. आमची पायरी संपते आणि दहा फुटांवर वळण येतं, उजवीकडे. जोर चालू असताना पुढची चाकं सरळ जायला लागली तर सरळ समोर काय आहे ते वर लिहिलं आहेच. तो बाद.

राहिले आपल्या हातचे. विजेवरचा, केबलचा आणि हवेचा. विजेवरच्यात आत चुंबक असतो, बटण दाबलं की लागतो. केबलचा म्हणजे गिअरशेजारी एक दांडी, ओढली की लागला. हवेच्या लॉकरचं नाव घेतलं की लोक मेलबर्नच्या एआरबीचं घेतात. छोटा कॉम्प्रेसर, हाउसिंगमध्ये जाणारी बारीक नळी, दाबाने आतलं कुलूप सरकतं. माझं मन केबलकडे होतं. केबल गंजली तर रत्नागिरीत कुठलाही मिस्त्री नवी करून देईल. हवेच्या नळीचं मला भय होतं ते उंदरांचं. आमच्या बागेतल्या खोपीत उंदरांनी स्प्रे पंपाचे पाइप तीनदा खाल्लेत. पण हवेच्या बाजूने एक गोष्ट होती. तोच कॉम्प्रेसर टायरमध्ये हवा भरतो. कठीण जागी टायरची हवा कमी करावी आणि वर आल्यावर भरावी, ही युक्ती लॉकरइतकीच कामाची आहे आणि जवळजवळ फुकट आहे. भाट्याच्या वाळूत दर मे महिन्यात रुतणारे पाहुणे ती करत नाहीत आणि मग आमच्यासारख्यांना दोर घेऊन जावं लागतं.

नवीन गाडीच घ्या, असं सांगणारेही भेटले. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढचं आणि मागचं, दोन्ही लॉक कारखान्यातूनच येतं, असं पुढचं कुलूप देणारी गाडी आपल्याकडे विरळाच. २०२०च्या थारला मागे आपोआप लागणारं मिळतं, पुढे ब्रेकवर काम भागवतात. जिम्नीत तर दोन्हीकडे ब्रेकचीच हुशारी आहे. फिरणाऱ्या चाकाला गाडी आपण होऊन ब्रेक लावते, मग दुसऱ्याला जोर मिळतो. सगळं चांगलं आहे. अब्बांनी किमती ऐकल्या, मनातल्या मनात पेट्यांत मोजल्या आणि चहा मागवला.

एक गोष्ट जाता जाता. लॉकर बसवलेल्या नव्या गाड्यांची पोरं हल्ली पावसात सड्यावर येतात. सडा त्यांना मोकळं मैदान वाटतो. बाबांनो, त्या कातळावर चित्रं कोरलेली आहेत. उक्षीला, कशेळीला, देवाचे गोठणेला. हजारो वर्षं ती ऊनपावसात टिकली. गवत आणि पाण्याखाली असताना ती दिसतही नाहीत. कुलूप लावलेली चार चाकं जांभ्यावर घासली की काय होतं, हे आमच्या वाटेवर येऊन बघा.

शेवटी माप. मिस्त्रींनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "गाडीच्या नावावर काही मागवू नका. ही गाडी नावाची राहिलेली नाही." पुढचं हाउसिंग उघडलं तर आत आधीच्या कोणा मालकाने दुसऱ्याच, नव्या जीपचा अॅक्सल घातलेला निघाला. मग शाफ्टचे दात मोजले, क्राउनचं माप घेतलं, बेअरिंगचे नंबर पुसून लिहून घेतले. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे, ग्रीसच्या बोटांसकट. जुन्या जीपला काही मागवणाऱ्याने आधी हे करावं. खोका परदेशातून आला आणि दात जुळले नाहीत तर तो परत जात नाही. मूळ नमुन्यात केलेल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर कडक निकाल दिला आहे, तेव्हा परिवहन कार्यालयात विचारून घेणंही त्यातच आलं.

आता ती रात्री दीडची गोष्ट.

जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो मागे, गिअरच्या पेटीतून निघणाऱ्या दांड्यावर असतो. तो ओढला की दांडा अडतो. दांडा अडला की चाकं अडतात, असं आपण धरतो. पण दांडा आणि चाकांच्या मधे डिफ आहे. दांडा अडलेला असतानाही एक चाक पुढे आणि दुसरं तेवढंच मागे फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असली तर तसं होत नाही, गाडीला एकाच वेळी दोन दिशांना जाता येत नाही. पण एक हवेत असेल, तर जमिनीवरचं मागे फिरतं आणि हवेतलं पुढे. गिअरमध्ये ठेवलेली असली तरी तेच, कारण गिअरही दांड्यालाच अडवतो. पुढेही तेच, मागेही तेच. जोर मिळत नव्हता त्याच कारणाने ब्रेकही लागला नाही.

चाक पुढे फिरत होतं आणि गाडी मागे आली.

मी हे कोणाला तोंडाने सांगितलं नाही. एका रविवारी अब्बांना आणि भावाला गॅरेजमध्ये घेऊन गेलो. मिस्त्रींना म्हटलं, मागची दोन्ही चाकं उचला. त्यांनी जॅक लावले, खाली ठोकळे दिले. मी गाडी गिअरमध्ये टाकली आणि हँडब्रेक ओढला. अब्बांना म्हटलं, तुम्ही ओढून बघा. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला, वय शहात्तर, तरी आणखी एक दात गेला. मग मी भावाला म्हटलं, उजवं चाक पुढे फिरव. त्याने हात लावला. चाक सहज फिरलं. आणि पलीकडे डावं चाक, कोणी हात न लावता, उलटं फिरायला लागलं.

भाऊ थांबला. पुन्हा फिरवलं. मग म्हणाला, "हेच दिसलं होतं मला." एवढंच म्हणाला. मिस्त्रींना यात नवल काहीच नव्हतं, ते म्हणाले, "डिफ आहे, असंच फिरणार." त्यांना बाकीचं माहीत नव्हतं.

अब्बा खाली वाकून बराच वेळ त्या दांड्याकडे बघत होते. मग उठले, हात पुसले आणि मला विचारलं, "मग कुलूप लावलं की हा हँडब्रेक धरेल?"

म्हटलं, "फोर व्हील टाकून पुढचं कुलूप लावलं की दोन्ही पुढची चाकं धरेल. एक हवेत असलं तरी. पण त्यावर भरवसा ठेवून कोणी मागे जायचं नाही. लाकडी गुटका आधी, आणि ब्रेकवरचा पाय शेवटी."

"चार वर्षं मला वाटत होतं..." एवढं म्हणून ते थांबले. मीही पुढे विचारलं नाही. घरी येताना ते माझ्या शेजारी बसले, एरवी ते मागे बसतात.

हवेचा ठरला आहे. केबलवाला आमच्या मापात मिळाला नाही. नळी लोखंडी पाइपातून न्यायची, उंदरांसाठी. पायरीच्या खालचा खळगा आम्ही दोघांनी चिरे टाकून भरून घेतला, ते आधीच करायला हवं होतं. मागच्या चाकांवर लागणारा वेगळा हँडब्रेक मिस्त्री करून देतायत. मापाचा कागद पाठवून तीन आठवडे झाले. भाऊ रोज विचारतो, उत्तर आलं का. काल अब्बांनीही विचारलं, आणि अम्मी भात वाढत होती, तिने विषय बंद करा म्हटलं नाही.